माशांचं घर कशावर उभं आहे?

भरलेला हंडा किती जड असतो, हे आपल्याला कुणी सांगावं लागत नाही. ज्या गावात नळाला एक दिवसाआड पाणी येतं, तिथल्या बाईच्या कमरेला, मनगटाला आणि खांद्याला तो हिशोब पाठ असतो. पंधरा लीटरची घागर उचलताना आपण आधी पदर खोचतो, पाय नीट रोवतो, मग उचलतो. पण गंमत बघा, हेच पाणी काचेच्या पेटीत भरून त्यात चार लाल-पिवळे मासे सोडले, की त्याचं वजन आपण साफ विसरतो. मग तो फिश टँक टीव्हीच्या शोकेसवर बसतो, शिलाई मशीनच्या टेबलावर बसतो, नाहीतर मुलांच्या अभ्यासाच्या टेबलावर.

मैत्रिणींनो, आज मासे कोणते पाळावेत, त्यांना खायला काय द्यावं, हे मी सांगणार नाही. मी सांगणार आहे टँकच्या खालच्या गोष्टीबद्दल. म्हणजे स्टँडबद्दल. दुकानात सगळ्यात कमी बोललं जातं ते यावर, आणि घरात सगळ्यात जास्त अवलंबून असतं तेही यावरच.

माझे वडील सुतार होते, तालुक्याच्या गावात त्यांचं छोटं दुकान होतं. मोठमोठे देव्हारे, कपाटं, बाजा त्यांच्या हातून गेल्या. त्यांचं एक वाक्य होतं, 'वजन लाकडावर बसावं, खिळ्यावर नाही.' आमच्या घरी गेली अकरा वर्षं तीन फुटी टँक आहे आणि त्याच्या स्टँडची प्रत्येक गोष्ट मी या एका वाक्यावर पारखून घेतली आहे.

शेजारी काय झालं

दोन वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या काकूंकडे नातवाच्या वाढदिवसाला दोन फुटी टँक आला. दुकानदार म्हणाला, 'कुठेही ठेवा हो, छोटाच आहे.' काकूंनी तो टीव्हीच्या युनिटवर ठेवला. युनिट दिसायला देखणं, गुळगुळीत, सागवानी रंगाचं. आतून मात्र पार्टिकल बोर्ड, म्हणजे लाकडाचा चुरा गोंदात दाबून केलेली फळी. टँकचं पाणी बदलताना थोडं सांडायचं, कधी मासे उडवायचे. ते पाणी फळीच्या कडेतून आत जात राहिलं. पार्टिकल बोर्डला पाणी लागलं की तो पावसाळ्यातल्या बिस्किटासारखा फुगतो आणि त्याचा जीव जातो. सहा-सात महिन्यांत फळीला मधोमध झोळ आला. कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण झोळ रोज थोडा थोडा येतो.

एका रात्री कोपऱ्यातला सिलिकॉनचा सांधा उकलला. पाणी टीव्हीच्या मागच्या बोर्डात गेलं, तिथून जमिनीवर. त्याच खोलीत खाली गादी घालून काकू आणि नातू झोपले होते. अंथरूण ओलं झालं म्हणून काकू जाग्या झाल्या, आणि त्यांनी पहिल्यांदा काय केलं तर नातवाला उचलून बाहेर नेलं आणि मेन स्विच पाडला. मासे गेले, टीव्ही गेला, पण माणसं वाचली. नंतर चार दिवस सगळे म्हणत होते, 'काच हलकी असणार.' काच ठीक होती. खालची फळी वाकली, म्हणून तळाच्या काचेवर पीळ पडला आणि सांधा सुटला. पिळाला काच फार नाजूक असते. ती लोखंडासारखी वाकून दाखवत नाही, थेट तुटते.

आधी हिशोब, मग हौस

हा हिशोब कागद-पेन घेऊन पाच मिनिटांत होतो. एक लीटर पाणी म्हणजे एक किलो. टँकची लांबी, रुंदी, उंची इंचांत मोजा, तिन्हींचा गुणाकार करा आणि ६१ ने भागा. उत्तर लीटरमध्ये येतं. फुटांत मोजत असाल तर गुणाकाराला २८ ने गुणा.

दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच असा नेहमीचा टँक घ्या. काठापर्यंत भरला तर त्यात सत्तर लीटर मावतं. आपण दीड इंच रिकामा ठेवतो, म्हणून चौसष्ट लीटर धरू. पाच मि.मी. काचेचं वजन साधारण अकरा किलो. तळाशी वाळू आणि गोटे यांचे दहा किलो. झाले पंच्याऐंशी किलो. आपल्या भाषेत सांगायचं तर पन्नास किलोची गव्हाची पावणेदोन पोती.

आता तीन फुटी टँक, सव्वा फूट रुंद आणि दीड फूट उंच. हाच हिशोब केला की एकशे नव्वद किलो होतात. म्हणजे पावणेचार पोती. आणि चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टँक सगळं मिळून तीनशे दहा किलोच्या घरात जातो. सहा पोती आणि वर दहा किलो.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. दोन फुटांचा टँक चार फुटांचा केला, म्हणजे लांबी दुप्पट झाली. पण वजन साडेतीन पटींहून जास्त वाढलं, कारण रुंदी आणि उंचीही त्याच्याबरोबर वाढते. म्हणून 'आधीचा स्टँड चांगला होता, त्याच मापाचा जरा लांब करून द्या' हे वेल्डिंगवाल्याला कधीही सांगू नका.

आता मला सांगा, टीव्हीच्या युनिटवर तुम्ही गव्हाची पावणेदोन पोती वर्षानुवर्षं ठेवाल का? नाही ना? मग पाणी का ठेवायचं?

लोखंडी स्टँड

छोट्या गावात सगळ्यात सोयीचा स्टँड म्हणजे लोखंडी अँगलचा. फॅब्रिकेशनवाला कुठेही मिळतो. पण त्याला 'फिश टँकचा स्टँड करून द्या' एवढंच सांगून घरी येऊ नका. तो म्हणेल, 'ताई, काळजी करू नका, हत्ती बसला तरी हलणार नाही.' हसून ऐकायचं आणि मग विचारायचं, 'अँगल किती इंची घालणार?'

हे का विचारायचं, ते घरीच करून बघा. मुलांची लाकडी पट्टी दोन पुस्तकांवर आडवी ठेवा आणि मध्ये बोटाने दाबा. लगेच वाकते. आता तीच पट्टी कडेवर उभी धरून दाबा. वाकणार नाही. लाकूड तेच, फक्त उभी बाजू वाढली. अँगलचंही तसंच आहे. त्याची उभी बाजू जेवढी जास्त, तेवढा तो कमी वाकतो. दुसरी गोष्ट, दोन पायांमधलं अंतर. वजन तेवढंच ठेवून अंतर दुप्पट केलं, तर मधला झोळ दुप्पट नाही, आठपट होतो.

दोन फुटी टँकला एक इंची, तीन मि.मी. जाडीचा अँगल चालतो. तीन फुटीला तोच अँगल घालू नये. तिथे दीड इंची, म्हणजे चाळीस बाय चाळीस मि.मी.चा आणि पाच मि.मी. जाडीचा अँगल घ्यावा. चार फुटीला दीड इंची अँगल हवाच आणि मध्येही पायांची एक जोडी हवी, म्हणजे एकूण सहा पाय. वरच्या चौकटीत दर फुटावर एक आडवी पट्टी मारून घ्यावी, म्हणजे वर ठेवायच्या प्लायला खालून आधार मिळतो.

आणखी काही गोष्टी स्वतः बघाव्यात. आडवा अँगल पायाच्या डोक्यावर टेकलेला असावा. तो पायाला बाजूने नुसता चिकटवला असेल, तर सगळं वजन वेल्डिंगच्या रेषेवर येतं. वडिलांचं वाक्य इथेही लागू पडतं, फक्त लाकडाच्या जागी लोखंड. वेल्डिंग ठिपक्या-ठिपक्यांचं नको, सांध्याच्या पूर्ण लांबीभर हवं. वरच्या बाजूचे वेल्डिंगचे गोळे ग्राइंडरने घासून सपाट करून घ्यावेत. मग रेड ऑक्साइडचा हात आणि त्यावर ऑइल पेंटचे दोन हात. पाणी सांडणार हे धरूनच चालायचं. पायांखाली चार बाय चार इंचांच्या लोखंडी पट्ट्या जोडून घ्या आणि त्यांच्याखाली रबर ठेवा. नाहीतर एवढं वजन चार टोकांवर येतं आणि फरशी तडकते, शिवाय गंजाचे डाग पडतात ते वेगळेच.

लाकूड आणि कडप्पा

लाकडी स्टँड हवा असेल तर सुतारासमोर उभं राहून एकच गोष्ट बघा. वरची आडवी पट्टी पायावर बसते आहे, की पायाला बाहेरून स्क्रूने टांगली आहे? पायाला खाच पाडून त्यात पट्टी बसवली, तर वजन लाकडावरून लाकडावर उतरतं आणि स्क्रू फक्त दोघांना धरून ठेवतो. टांगली असेल तर सगळा भार त्या दोन-चार स्क्रूंवर.

वरची फळी प्लायची असेल तर पाऊण इंची आणि पाण्याला टिकणारी मागा. मरीन प्लायवर आय.एस. ७१० हा शिक्का असतो, तो वाचून घ्या. पार्टिकल बोर्ड आणि एम.डी.एफ. नको म्हणजे नको, वर कितीही छान सनमायका असो. प्लायच्या कापलेल्या कडांनाही रंग किंवा वॉर्निश लावून घ्या, पाणी तिथूनच शिरतं. लाकडाला वाळवी लागते, हे आपल्याकडे वेगळं सांगायला नको. वर्षातून एकदा पायांच्या तळाशी बोटाने ठोकून बघायचं. आवाज पोकळ आला तर समजून जा.

बऱ्याच घरांत कडप्प्याची फडताळं असतात. कडप्पा पाण्याला उत्तम, पण तो दगड आहे. दाबाला पक्का आणि वाकण्याला कच्चा. मध्ये आधार नसेल तर तो आधी काही न सांगता एकदम मोडतो. म्हणून कडप्प्यावर टँक ठेवायचा असेल तर खाली विटांचे टेकू जवळजवळ हवेत. भिंतीत एका बाजूने खोचलेल्या आणि पुढून अधांतरी असलेल्या कडप्प्यावर टँक ठेवू नये.

थर्माकोल आणि पाणसळ

स्टँड कितीही चांगला असला तरी त्याचा वरचा पृष्ठभाग आरशासारखा सपाट नसतो. कुठे प्लायचा उंचवटा असतो, कुठे वाळूचा एखादा खडा राहतो. काचेला तो एवढासा खडाही पुरतो. म्हणून नुसत्या काचेच्या तळाच्या टँकखाली अर्धा इंच थर्माकोलची अख्खी शीट घालतात. ती खडे आणि उंचवटे पोटात घेते आणि वजन सगळ्या तळावर सारखं पसरवते. ज्या टँकला खालून प्लॅस्टिकची चौकट असते, तो मात्र त्या चौकटीवरच उभा राहायला केलेला असतो. त्याच्याखाली थर्माकोल घालायचा नाही, कारण तो मध्ये वर येऊन तळाची काच दाबू शकतो.

स्टँडचं माप टँकएवढं, किंवा सगळीकडून अर्धा-एक इंच मोठं असावं. टँकचा एकही कोपरा बाहेर नको. चारही भिंतींच्या काचा कडांवर उभ्या असतात. कडच अधांतरी असेल तर थर्माकोल काय करणार?

थर्माकोल वाकडा स्टँड मात्र सरळ करत नाही. त्यासाठी पाणसळ लागते. गवंडी वापरतो ती, बुडबुडा असलेली पट्टी. स्टँडवर ती लांबीला लावा, रुंदीला लावा आणि तिरकी कोपऱ्यातून कोपऱ्यातही लावा. पाणसळ नसेल तर टँक जागेवर ठेवून दोन इंच पाणी भरा आणि चारही कोपऱ्यांत पट्टीने पाण्याची उंची मोजा. चारही आकडे सारखे आले पाहिजेत. जुन्या शहाबादी फरशीवर ते पहिल्या फटक्यात सारखे येत नाहीत. तेव्हा पाणी काढायचं, टँक उतरवायचा आणि स्टँडच्या पायाखाली प्लॅस्टिकची किंवा पत्र्याची चकती सरकवायची. टँक आणि स्टँडच्या मध्ये कागदाच्या घड्या कोंबायच्या नाहीत. त्याने पाणी सरळ दिसतं, पण टँक फक्त एका कडेवर उभा राहतो.

हलणारी बाज

वजन सोसणं वेगळं आणि न डुलणं वेगळं. जुनी बाज आठवा. चार माणसं बसली तरी मोडत नाही, पण कुशीवर वळलं की डुलते. चार पायांच्या स्टँडचं तेच होतं. टँकमध्ये तर पाणी असतं, आणि ते एका बाजूला गेलं की सगळं वजन घेऊन जातं. स्टँडच्या मागच्या बाजूला आणि दोन्ही कुशींना तिरपी पट्टी मारून घ्या. लाकडी स्टँड असेल तर मागून प्लायची अख्खी शीट ठोका. नुसत्या उभ्या-आडव्या पट्ट्यांचा चौकोन तिरका होऊ शकतो. तिरप्या पट्टीने त्याचे त्रिकोण झाले, की होत नाही.

घरात रांगणारं किंवा नुकतं धरून उभं राहणारं मूल असेल तर हे फार महत्त्वाचं आहे. मासे बघायला मूल स्टँडची कड धरूनच उभं राहतं. थोडं मोठं झालं की खालच्या पट्टीवर पाय देऊन चढतं. माझा साधा नियम असा आहे, की टँकसकट एकूण उंची स्टँडच्या रुंदीच्या अडीचपटीहून जास्त होत असेल, तर स्टँड वरच्या बाजूला एल क्लँप आणि फास्टनरने भिंतीला बांधायचाच. भिंत विटांची किंवा काँक्रीटची हवी. मातीच्या भिंतीत फास्टनर धरत नाही, तिथे रुंद आणि बुटका स्टँड करावा. कोयनेच्या परिसरातल्या मैत्रिणींना धरणीचा छोटा हादरा नवा नाही. त्यांनी तर हे टाळूच नये.

वीज आणि भारनियमन

स्टँड करतानाच विजेचा विचार करायचा. पिनचा बोर्ड टँकच्या खाली नसावा, बाजूला आणि पाण्याच्या पातळीपेक्षा वर असावा. खालचाच बोर्ड वापरावा लागला तर वायर सरळ बोर्डात न नेता आधी बोर्डाच्याही खाली झोळासारखी सोडायची आणि मग वर नेऊन पिन लावायची. वायरवरून ओघळणारा थेंब त्या झोळाच्या तळाशी येतो आणि जमिनीवर पडतो, बोर्डात जात नाही. टँकमध्ये हात घालण्याआधी सगळ्या पिना काढायच्या, हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा. आणि घराला अर्थिंग आणि ई.एल.सी.बी. आहे का, ते वायरमनला विचारा.

हवेचा पंप लोक स्टँडच्या आतल्या कप्प्यात ठेवतात, दिसायला बरं म्हणून. लाइट गेली की पंप थांबतो आणि टँकमधलं पाणी नळीतून उलटं खाली येऊ शकतं, आपण ड्रममधून नळी लावून पाणी काढतो तसं. ते थेट पंपात जातं. म्हणून पंपासाठी पाण्याच्या पातळीच्या वर भिंतीवर छोटी फळी करा. ते जमत नसेल तर नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा, तो काही फार महाग नसतो.

जमीन काय म्हणते?

तळमजल्यावर पक्क्या जमिनीवर घर असेल तर फारशी चिंता नाही. वरच्या मजल्यावर मात्र थोडं थांबा. आपल्याकडच्या मानकाप्रमाणे राहत्या खोल्यांची स्लॅब बांधताना वापराचं वजन दर चौरस मीटरला साधारण दोनशे किलो धरतात. चार फुटी टँक जेवढ्या जागेवर उभा असतो, तेवढ्यापुरतं हे प्रमाण साडेपाचशे किलोपर्यंत जातं. घाबरू नका, बाकीची खोली मोकळी असते आणि स्लॅब ते वजन वाटून घेते. पण असा टँक खोलीच्या मधोमध नको, बीमच्या जवळ, भिंतीला लागून हवा. त्याच्याच शेजारी धान्याच्या कोठ्या आणि पाण्याचा ड्रमही नको. चार फुटांहून मोठा टँक वर न्यायचा असेल तर इंजिनिअरला विचारल्याशिवाय नेऊ नका. बाहेर काढलेल्या गॅलरीत मोठा टँक नकोच.

जुन्या वाड्याच्या माडीवर लाकडी तक्तपोशी असते. तिथे स्टँडचे पाय दोन तुळयांच्या मधल्या फळीवर पडता कामा नयेत. स्टँड तुळयांना आडवा आणि भिंतीजवळ ठेवायचा, म्हणजे पाय जास्तीत जास्त तुळयांवर येतात. पण माझं ऐकाल तर वाड्यात टँक खालीच ठेवा. वास्तुशास्त्र मानणाऱ्या मैत्रिणी दिशा बघून जागा ठरवतात. जरूर बघा, पण त्या दिशेला जमीन भक्कम आहे का, तेही त्याच वेळी बघा.

आक्काचं रॅक

आता माझ्या मावसबहिणीबद्दल सांगते. आम्ही तिला आक्का म्हणतो. भाऊजींची नोकरी गेल्यावर तिने परसातल्या पत्र्याच्या खोलीत गप्पी, मॉली आणि प्लॅटी वाढवायला सुरुवात केली. हे मासे अंडी न घालता थेट पिल्लं देतात, त्यामुळे नव्या माणसाला सोपे पडतात. आज तालुक्यातले दोन दुकानदार तिच्याकडून मासे नेतात आणि धाकटीची फी त्यातून निघते.

सुरुवातीला तिला नऊ टँकचं रॅक हवं होतं. सहा फूट लांब, तीन मजली, प्रत्येक मजल्यावर दोन फुटी तीन टँक. कुणीतरी तिला सांगितलं, 'किराणा दुकानातलं जुनं भोकाभोकाचं रॅक घे, स्वस्तात मिळतंय.' आम्ही दोघी ओट्यावर बसलो आणि वहीत हिशोब मांडला. या टँकमध्ये वाळू नसते, म्हणून प्रत्येकी पंचाहत्तर किलो धरले. नऊ टँक म्हणजे सहाशे पंचाहत्तर किलो. पावणेसात क्विंटल! दुकानातल्या त्या रॅकच्या पातळ पत्र्याच्या फळ्या साबणाच्या वड्या आणि बिस्किटांचे पुडे सोसायला केलेल्या. एका फळीवर सव्वादोन क्विंटल पाणी त्यांनी कसं सोसावं? आणि ते रॅक नट-बोल्टचं, बोल्ट सैल झाले की डुलणार. एका मजल्यावरचा टँक गेला तर खालचेही घेऊन जाणार, आणि त्याच्याबरोबर तिचं वर्षभराचं काम.

आक्काने मग दीड इंची अँगलचं रॅक करून घेतलं. टोकांना दोन आणि मध्ये एक अशा पायांच्या तीन जोड्या. मधल्या जोडीवर दोन्हीकडचं वजन येतं, म्हणून तिच्याखालच्या पट्ट्या मोठ्या घेतल्या. मागे तिरप्या पट्ट्या, वर दोन ठिकाणी भिंतीला क्लँप. दोन मजल्यांत टँकच्या वर दहा इंच मोकळी जागा ठेवली, नाहीतर जाळी आणि हात आत कसा जाणार? सगळ्यात वरच्या टँकची कड आक्काच्या हाताच्या टप्प्याबाहेर जाणार नाही, असं माप घेतलं. वेल्डिंगवाला पुरुषाच्या उंचीने माप घेत होता. आक्का म्हणाली, 'दादा, रोज पाणी मी बदलणार आहे, माझ्या उंचीने माप घ्या.' भरताना आधी खालचा मजला भरायचा, मग मधला, मग वरचा. रिकामं करताना वरून खाली. म्हणजे रॅक कधीच डोईजड होत नाही.

खर्च जुन्या रॅकपेक्षा जास्त आला, खोटं कशाला बोलू? पण तो तिने धंद्याच्या भांडवलात धरला, हौसेत नाही. केंद्र सरकारने २०२० मध्ये सुरू केलेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत परसातल्या शोभेच्या माशांच्या युनिटचाही समावेश होता, आणि महिलांसाठी ६० टक्क्यांपर्यंत अनुदान ठेवलं होतं. असं काही करायचं मनात असेल तर जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात जाऊन सध्या काय चालू आहे, ते विचारा. आणि प्रकल्पाचा खर्च लिहून देताना टँक, पंप, मासे यांच्या ओळींत रॅकची ओळही घाला. ती बहुतेक जणी विसरतात.

टँक चढवण्याआधी

शेवटी एक परीक्षा सांगते. नवा स्टँड घरी आला की लगेच टँक चढवू नका. पाण्याचे वीस लीटरचे जार सगळ्यांकडे असतात, नसले तर शेजारून आणा. जागा असेल तशा भरलेल्या घागरी, हंडे, कळशाही चालतील. दोन फुटी टँकच्या स्टँडवर चार जार भरून ठेवा, ऐंशी किलो झाले. वर एक छोटी कळशी ठेवली की हिशोब पुरा. मोठ्या स्टँडवर जार मावणार नाहीत, तिथे धान्याची पोती रचा. रात्रभर तसंच राहू द्या.

सकाळी वरच्या पट्टीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत शिवणकामाचा दोरा ताणून धरा. मध्ये दोरा आणि पट्टी यांत फट दिसते का? एखादा पाय बाहेर फाकला आहे का? कडेला हात लावून हळूच हलवा, डुलतो का? वेल्डिंगच्या रेषेत रंगाला तडा गेला आहे का? यांतलं काहीही दिसलं तर स्टँड परत पाठवा. तेव्हा परत पाठवणं सोपं असतं, कारण अजून एकही मासा घरात आलेला नसतो.

आणि नंतरही, महिन्यातून एकदा पाणी बदलताना हाच दोरा पुन्हा लावायचा, पायाशी गंज बघायचा आणि सांध्यांवरून कोरडं बोट फिरवायचं. भरलेला टँक किंवा भरलेला स्टँड झाडू मारायला म्हणून इंचभरही सरकवायचा नाही. आधी पाणी काढायचं.

दुकानात गेल्यावर दुकानदार माशांचे रंग दाखवेल, लाइट दाखवेल, प्लॅस्टिकची झाडं दाखवेल. बघा सगळं, आवडीने बघा. मग पर्समधली चिठ्ठी काढा आणि विचारा, 'भरल्यावर याचं वजन एवढं होतं. याचा स्टँड कोणत्या अँगलचा आहे?' उत्तर नीट आलं नाही तर टँक घ्या, स्टँड तिथला घेऊ नका. गावातल्या वेल्डिंगवाल्याकडे जा, माप आपल्या हाताने लिहून द्या आणि काम चालू असताना एकदा तरी जाऊन बघा. अँगल मोजायला शिवणकामाची टेप पुरते.